शत्रूविषयीची साक्ष

मुंबईच्या पदपथांवर जुनी पुस्तके मांडून बसणाऱ्या विक्रेत्यांकडे पूर्वी दुसऱ्या महायुद्धातील शौर्यकथांची चळतच्या चळत असे. शाळकरी वयात अशाच एका चळतीतून मी मुखपृष्ठ फाटलेले एक इंग्रजी पुस्तक घेतले होते. त्यात एका बेटावरील छाप्याची हकीकत होती. काळोखी रात्र, समुद्रातून उभा राहिलेला कडा, तोंडाला काजळी फासलेले मूठभर ब्रिटिश कमांडो, पाठीमागून सुऱ्याने गारद केलेला पहारेकरी आणि झोपेतून उठवलेले जर्मन सैनिक. मी ती गोष्ट इतक्या वेळा वाचली की त्या पानांचे कोपरे झिजले. पहारेकरी पडला की मला दरवेळी आनंद होत असे, हे आज लिहिताना थोडे अवघड वाटते.

बेटाचे नाव सार्क. (दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या संघटनेशी या नावाचा काही संबंध नाही.) पुढे प्रौढपणी या छाप्याविषयी आणखी वाचन घडले, तेव्हा ध्यानात आले की, त्या रात्री तेथे नेमके काय झाले याविषयी दोन राष्ट्रांनी जगासमोर दोन वेगवेगळ्या हकीकती मांडल्या होत्या, आणि त्या दोन हकीकतींच्या फटीत सापडून, सार्क बेट जन्मात न पाहिलेल्या शेकडो माणसांच्या हातांत बेड्या पडल्या व काहींना तर प्राणास मुकावे लागले. परस्परविरोधी साक्षी तपासणे हे इतिहासकाराचे कसब आहे असे आपण मानतो. ते केवळ कसब आहे की त्यात धर्माधर्माचाही काही प्रश्न आहे, हे या घटनेच्या आधारे पाहावे असे मनात आहे.

प्रथम घटना. इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्यालगत, ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखालील काही बेटे आहेत. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर जर्मनीने ती घेतली आणि युद्ध संपेपर्यंत आपल्या ताब्यात ठेवली. त्यांपैकी सार्क हे जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचे बेट. तेथे मोटारगाड्या नाहीत आणि त्या काळी एका कर्त्या बाईचे, सिबिल हॅथवे यांचे, तेथे वंशपरंपरेने आलेले आधिपत्य होते. ३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री मेजर जेफ्री ॲपलयार्ड यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश कमांडोंची एक छोटी तुकडी नौकेने आली आणि कडा चढून बेटावर शिरली. त्यांनी एका एकाकी घराचा दरवाजा ठोठावला, पण आतून उत्तर आले नाही, तेव्हा आत प्रवेश केला. तेथे फ्रान्सिस पिटर्ड नावाची विधवा एकटी राहत होती. जवळच्या हॉटेलाच्या जोडइमारतीत जर्मन सैनिक झोपतात, ही माहिती तिने दिली. शिवाय बेटावरील इंग्लंडमध्ये जन्मलेल्या रहिवाशांना जर्मनीत नेण्याचा हुकूम ज्यात छापला होता ते वर्तमानपत्रही तिने त्यांच्या हवाली केले. कमांडो पुढे गेले. पहारेकऱ्याचा निकाल लागला. आतून पाच सैनिक पकडले गेले. त्यांचे हात दोरीने बांधले गेले. बाहेर उघड्यावर आल्यावर झटापट झाली, आरडाओरड झाली, गोळ्या सुटल्या, बेट जागे झाले. कमांडो एका कैद्याला घेऊन धावत कडा उतरले आणि नौकेतून निघून गेले.

सारा प्रसंग काही मिनिटांचा. त्यातही ज्याच्यावरून वाद पेटला ते तर एकच मिनिट, तेही काळोखातले.

७ ऑक्टोबर रोजी जर्मनीने निवेदन काढले. त्याचा आशय असा : सोळा इंग्रजांनी आमच्या एका कामगार पथकावर, म्हणजे एक अंमलदार व चार शिपाई यांच्यावर, हल्ला केला, त्यांना अंगातील सदऱ्यानिशी, बारीक पण चिवट दोरीने बांधले, कपडे घालू दिले नाहीत, आणि या अभूतपूर्व वागणुकीला त्यांनी प्रतिकार केला तेव्हा अंमलदाराला व एका शिपायाला गोळ्या आणि संगिनींनी ठार केले, आणखी एकाला जखमी केले. ब्रिटिश बाजूने उत्तर आले ते असे : पाच जर्मन पकडले, पकडणाऱ्यांना त्यांच्या हातात हात अडकवून चालता यावे एवढ्याचसाठी त्यांचे हात बांधले होते, चौघे वारंवार झटापट करून निसटले आणि निसटताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, एकाला येथे आणले आहे.

आपल्या पवित्र शास्त्रात दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या मूळ ग्रंथात तो नसतो. त्यात सुसान्नाची कथा आहे. दोन प्रतिष्ठित वडीलजन एका निरपराध स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेतात. साऱ्या सभेने तिला दोषी ठरवल्यावर तरुण दानिएल उठतो, त्या दोघांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली? एक जण एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच. तेवढ्यावर खोटेपणा उघडा पडतो. साक्षीदारांना वेगळे करून तपासण्याची ही रीत न्यायालयांत आजही आहे.

परंतु दानिएलची कसोटी सार्कला जशीच्या तशी लावली तर आपण फसू. दोन साक्षीत फरक आला म्हणून निदान एक साक्षीदार खोटा, असे दर वेळी नसते. पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेकडे कोणकोणत्या स्त्रिया गेल्या, तेथे त्यांना एक दिसला की दोघे, याविषयी चारही शुभवर्तमानांचे कथन एकसारखे नाही, हे आपण दर ईस्टरला ऐकतो. तो फरक पाहून आपला विश्वास डळमळत नाही. उलट चौघांनी बसून एकच मजकूर ठरवला असता तर तो अधिक संशयास्पद झाला असता. फरक कोठे पडला आणि का पडला, हे पाहावे लागते.

सार्कच्या हकीकतीत पहिला फरक संख्येचा आहे, आणि तो चमत्कारिक आहे. आरोप करणारा म्हणतो, तुम्ही दोघांना मारले. आरोपी म्हणतो, आम्ही चौघांवर गोळ्या झाडल्या. एरवी आरोप करणारा आकडा फुगवतो आणि आरोपी तो कमी करतो. येथे उलटे झाले. याचे कारण अगदी साधे असले पाहिजे. कमांडो काळोखात गोळ्या झाडून पळाले. कोण पडला, कोण झुडपात शिरला हे पाहायला ते थांबले नाहीत. सकाळी प्रेते मोजली ती जर्मनांनी. एक कैदी तर उघड्या अंगाने ओरडत पळून गेला आणि वाचला. तेव्हा मृतांच्या संख्येबाबत जर्मन निवेदनावर विश्वास ठेवावा लागतो. (पहारेकऱ्याचा मृत्यू या पाच जणांच्या हिशेबात नाही.) हल्लेखोर किती होते याबाबत मात्र उलट. जर्मन म्हणतात सोळा. ब्रिटिश बाजूच्या कथनांतून दहा ते बारा निघतात. आपली माणसे मोजून नौकेत चढवणाऱ्याला ती संख्या ठाऊक असणार, बिछान्यातून ओढून काढलेल्याला नव्हे.

हे लिहिताना मला स्वतःला एक धक्का बसला, तो सांगतो. हिटलरच्या राजवटीने खोटेपणाचा जेवढा धंदा केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल. तरी या एका आकड्याबाबत तिचे निवेदन खरे आणि ज्यांच्या बाजूने माझे मन लहानपणापासून आहे त्यांचे चुकीचे. साक्षीदार सज्जन आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा खरा; पण तो कोठे उभा होता आणि तेथून त्याला काय दिसत होते, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारायला हवा. दुर्जनालाही डोळे असतात.

दुसरा फरक आकड्यांचा नसून वाक्यरचनेचा आहे. दोन्ही निवेदने शेजारी ठेवून वाचली तर ती किती बाबतीत एकमत आहेत हे पाहून नवल वाटते. पाच पकडले : मान्य. हात बांधले : मान्य. कैद्यांनी झटापट केली : मान्य, कारण जर्मन निवेदनातही प्रतिकाराचा उल्लेख आहे. मारले गेले : मान्य. शत्रूने शत्रूविरुद्ध जे मान्य केले ते बहुधा खरे असते. त्यापेक्षा भक्कम साक्ष मिळणे कठीण. भेद येतो तो ‘प्रतिकार केला’ आणि ‘निसटले’ या दोन क्रियापदांत. जो प्रतिकार करतो तो अजून तुमच्या हातात आहे. हात बांधलेल्या, हातात असलेल्या माणसाला मारणे हा खून. जो निसटला तो पुन्हा शत्रुसैनिक झाला. पळणाऱ्या कैद्यावर गोळी झाडण्यास युद्धाचे नियम मनाई करत नाहीत. म्हणजे नीतीचा सारा भार ज्यावर तोलला आहे ती गोष्ट एवढीच : गोळी सुटली त्या क्षणी तो माणूस पकडीत होता की पकडीबाहेर? काहींनी हात सोडवून घेतले होते का? सगळे एकदम पळाले की एकामागून एक? हे कधीच निश्चित झालेले नाही. नंतरच्या काही कथनांत कैद्यांच्या तोंडात माती कोंबल्याचाही तपशील येतो, काहींत तो नाही. काळोखाने आपले गुपित राखले आहे, आणि जो लेखक ते मला ठामपणे सांगतो त्याच्या बाकीच्या विधानांकडेही मी आता सावधपणे पाहतो.

तिसरा मुद्दा हेतूचा. बेटावरील रहिवाशांना कसे वागवले जाते याची प्रत्यक्ष माहिती मिळवण्यासाठी हा छापा होता, असे ब्रिटिश निवेदनाने सांगितले. वस्तुतः तुकडी गेली होती ती टेहळणी करण्यासाठी व कैदी पकडून आणण्यासाठी. हद्दपारीच्या हुकुमाचे वर्तमानपत्र त्या विधवेच्या घरात अनपेक्षित हाती लागले. योगायोगाने मिळालेले फळ मागाहून हेतू म्हणून मांडले गेले. हे असत्य आहे का? संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी फार कठोर मत मांडले आहे. जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, इथपर्यंत ते जातात. नंतरच्या नीतिशास्त्रज्ञांनी मौन आणि असत्य यांत भेद केला. युद्धात सरकारने आपला बेत सांगू नये, हे मौन. ते पाप नाही. पण जे सांगितले त्याची मांडणी अशी करणे की ऐकणाऱ्याने भलतेच समजावे, हे मौन राहत नाही. शिवाय माझ्या मनात एक साधा प्रश्न येतो. ते वर्तमानपत्र आम्हाला मिळाले असे जगाला कळवताना, ते देणारी बाई अजून त्याच बेटावर, त्याच घरात, शत्रूच्या ताब्यात आहे, याचा विचार निवेदन लिहिणाऱ्याच्या मनात आला असेल का? तिची चौकशी झाली, तिने आपला सहभाग कबूल केला, तिला कैद झाली आणि पुढे १९४३ मध्ये तिला जर्मनीत नेण्यात आले. सिबिल हॅथवे यांच्या पतीलाही त्याच वर्षी नेले गेले.

आता कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? हिटलरला निमित्तच हवे होते. सार्क नसते तर दुसरे काही सापडले असते. यात तथ्य आहे. पण निमित्त म्हणून वापरायला त्याला निखळ खोटे पुरले नसते; अर्धे खरे लागले, आणि ते त्याला पुरवले गेले. त्याची पार्श्वभूमी अशी. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर द्येप येथे मुख्यतः कॅनडाच्या सैनिकांनी केलेला मोठा हल्ला फसला होता. तेथे जर्मनांच्या हाती एक लेखी आदेश लागला : शक्य तेथे कैद्यांचे हात बांधावेत, म्हणजे ते कागदपत्रे नष्ट करू शकणार नाहीत. जर्मनीने द्येपच्या कैद्यांना बेड्या घालण्याची धमकी दिली. असा आदेश असल्यास तो रद्द केला जाईल असे ब्रिटनने सांगितले, तेव्हा जर्मनीने धमकी मागे घेतली. त्यानंतर जेमतेम महिन्याने सार्कवर दोरी निघाली. दिलेला शब्द कड्यावर चढणाऱ्या त्या तुकडीपर्यंत पोहोचला होता की नाही, हा प्रश्न वेगळा. शत्रूच्या दृष्टीने शब्द मोडला गेला होता.

८ ऑक्टोबर रोजी जर्मनीने १,३७६ युद्धकैद्यांचे हात बांधले. त्यांत बहुसंख्य द्येपला पकडलेले कॅनेडियन होते. प्रथम दोऱ्या, पुढे बेड्या. ब्रिटनने आपल्याकडील तितक्याच जर्मन कैद्यांना बेड्या घालण्याचे जाहीर केले. त्यासाठी कॅनडातील छावण्याही निवडण्यात आल्या, आणि बोमनव्हिल येथील जर्मन कैद्यांनी कोठड्यांची दारे रोखून धरली, दंगल झाली. युद्धकैद्यांवर सूड म्हणून कोणतीही कारवाई करू नये, असा १९२९ च्या जिनिव्हा कराराचा स्पष्ट नियम होता आणि तो दोन्ही राष्ट्रांनी मान्य केला होता. स्वित्झर्लंडच्या मध्यस्थीनंतर ब्रिटनने १२ डिसेंबर १९४२ रोजी बेड्या काढल्या. जर्मनीने मात्र १९४३ च्या नोव्हेंबरपर्यंत चालू ठेवल्या. छावण्यांतल्या कैद्यांनी सार्डिनच्या डब्याच्या किल्लीने बेड्या उघडण्याची युक्ती शोधून काढली होती, असे पुढे अनेकांनी सांगितले आहे. ते वाचून हसू येते. पण ज्याचे हात वर्षभर बांधले गेले त्या कॅनडातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला सार्क हे नाव पूर्वी ऐकूनही माहीत नसेल.

याहून भयंकर गोष्ट १८ ऑक्टोबर १९४२ ला घडली. कमांडो गणवेशात असोत वा नसोत, शरण आलेले असोत वा नसोत, त्यांना जिवंत ठेवू नये, असा गुप्त हुकूम हिटलरने काढला. शत्रू कैद्यांना बांधतो व मारतो, हे कारण त्यात दिलेले होते. पाचच दिवसांनी सात कमांडोंना साक्सेनहाउसेन येथे गोळ्या घालण्यात आल्या. नॉर्वेतील एका वीजकेंद्रावर घाला घातल्यावर ते पकडले गेले होते, आणि तेही सार्कच्या छाप्यापूर्वी! मार्च १९४४ मध्ये इटलीत पंधरा अमेरिकन सैनिक याच हुकुमाने मारले गेले. तो अंमलात आणणारा जनरल डोस्टलर याला १ डिसेंबर १९४५ रोजी देहान्त शासन झाले. हुकूम वरून आला होता, हा त्याचा बचाव लष्करी न्यायमंडळाने मानला नाही.

सार्कच्या छाप्यात भाग घेतलेल्यांपैकी कॅप्टन पॅट्रिक डजन ऑक्टोबर १९४३ मध्ये इटलीत पकडला गेला व त्याच हुकुमानुसार मारला गेला. सार्कच्या रात्रीला तेव्हा वर्ष उलटत होते. ॲपलयार्ड त्याआधीच, जुलै १९४३ मध्ये, विमानासह बेपत्ता झाला होता. ज्यांना त्या एका मिनिटाविषयी विचारावे असे साक्षीदार युद्धानेच एकेक करून नेले.

‘तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो, तेव्हा शेजारी म्हणजे वाडीतला, ओळीतला, फार तर धर्मग्रामातला माणूस डोळ्यांसमोर असतो. शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात दिलेले उत्तर आपण दयेच्या संदर्भात मानतो. साक्षीच्या संदर्भात ते लावून पाहत नाही. सार्कच्या जोडइमारतीत झोपलेले ते पाच जण एका दुष्ट सत्तेचे सैनिक होते, ते परक्या भूमीवर बळाने बसले होते. त्यांच्याविषयी खरे बोलण्याचे ऋण यामुळे कमी होते का? माझ्या मते होत नाही. उलट, मित्राविषयी खरे बोलायला प्रेम पुरते. शत्रूविषयी खरे बोलायला दुसरे काही लागते. हेही मी मान्य करतो की, माझ्या या मताची किंमत मी दिलेली नाही. ज्यांचे मुलगे त्या युद्धात गेले त्यांनी ती दिली, आणि त्यांच्यापैकी कोणी मला गप्प बसायला सांगितले तर मी वाद घालणार नाही.

आपण कुमसाराला जातो ते शेजाऱ्याचे अपराध सांगायला नव्हे. परस्परविरोधी हकीकती तपासतानाही कठीण जाते ते हेच. विरुद्ध बाजूची साक्ष आपण वकिलासारखी उलटतपासतो आणि स्वतःच्या बाजूची आईसारखी ऐकतो. या प्रसंगात मला सर्वांत विश्वासार्ह वाटलेला साक्षीदार म्हणूनच कोणी सरकार नाही. तो आहे त्या तुकडीतला डॅनिश तरुण अँडर्स लासेन. पहारेकऱ्यावर सुरा चालवला तो त्यानेच, असे बहुतेक कथने सांगतात. पुढे एप्रिल १९४५ मध्ये इटलीत कोमाक्किओ येथे तो पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे त्याच्या शौर्याविषयी कोणाला शंका नाही. आपल्या रोजनिशीत त्याने लिहून ठेवले की, आजवर केलेल्या कामांत हे सर्वांत अवघड होते आणि सुरा आपण प्रथमच वापरला. त्याने शत्रूला नावे ठेवली नाहीत, की स्वतःचे समर्थन केले नाही. जगाला ऐकवण्यासाठी ते लिहिलेले नव्हते.

माझे ते फाटके पुस्तक केव्हाच रद्दीत गेले. गेल्या काही वर्षांत मी ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शोधून पाहिले, मिळाले नाही. पण पाने इतकी वाचली होती की बराचसा मजकूर आठवतो : कडा, चंद्र नसलेली रात्र, सुरा, धावपळ, किनाऱ्यावर थांबलेली नौका. हात बांधलेली दोरी त्यात कोठेच नव्हती.